जॅक सारखा गळतोय? सील बदलण्याआधी रॉडवरचं क्रोम बघा

शिरोळ : पावसाने उघडीप दिली की आपल्या भागातल्या गॅरेजांत एक काम हमखास वाढतं. पलटी नांगराचा जॅक, डंपिंग ट्रॉलीचा जॅक, लोडरचा जॅक, नाहीतर ऊसतोडणी यंत्राचा. तक्रार सगळ्यांची सारखीच, जॅकच्या तोंडाशी तेल गळतंय. फिटर जॅक खोलतो, सील किट बदलतो, पैसे घेतो. पंधरा दिवस, महिनाभर बरं जातं आणि पुन्हा तेलाचा ओघळ सुरू. तिसऱ्यांदा सील टाकायची वेळ आली की मालक म्हणतो, सील डुप्लिकेट मिळालं. फिटर म्हणतो, तेल खराब आहे. दोघांचंही खरं असू शकतं. पण पुष्कळदा दोष सीलचाही नसतो आणि तेलाचाही नसतो. दोष रॉडचा असतो, आणि नेमकं सांगायचं तर रॉडवरच्या एका थराचा, जो आपल्या केसापेक्षाही पातळ असतो.

त्या थराला हार्ड क्रोम म्हणतात. ट्रॅक्टर, जेसीबी, पोकलेन, तोडणी यंत्र, यांच्या जॅकमधून जो चकचकीत रॉड आत-बाहेर होतो त्याची चकाकी या थराची. तो चांगला असेल तर जॅक वर्षानुवर्षं चालतो. तो गेला की कितीही भारी सील टाका, पैसे पाण्यात. म्हणून या थराची नीट माहिती असलेली बरी. ते काम करणाऱ्या पोरांच्या तब्येतीशी आणि आपल्या विहिरींच्या पाण्याशीही या थराचा संबंध आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, ते वाचायचं सोडू नका.

आधी नख फिरवा

जॅक पूर्ण उघडा. इंजिन बंद करा, ट्रॉली असेल तर खाली भक्कम टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर उचललेल्या ट्रॉलीखाली हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. रॉड स्वच्छ फडक्याने पुसा आणि नख आडवं धरून रॉडच्या लांबीने वरून खाली ओढा. चांगल्या रॉडवर नख काचेवरून गेल्यासारखं जातं. कुठे अडलं, कुठे खरखर लागली, कुठे सुईच्या टोकाएवढे काळे-तांबूस खड्डे दिसले, तर गळतीचं कारण सापडलं म्हणायचं. रॉड एकदा आत-बाहेर झाला की तो खड्डा सीलच्या रबरी ओठावरून दोनदा जातो. कानस घासावी तसं. दिवसभरात असं किती वेळा होतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

जॅक बाहेरून कोरडा आहे आणि तरीही उचललेला भार आपोआप खाली बसतोय, तर मात्र बिघाड आतल्या पिस्टनच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असतो. तिथे क्रोमचा काही संबंध नाही.

रॉडवर खड्डे पडतात कशाने? मातीने, असं सगळे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. हार्ड क्रोम साध्या रॉडच्या लोखंडापेक्षा तिप्पट-चौपट कडक असतं. त्याच्यावर कानस चालवली तर ती घसरते. मातीने त्याला सहजासहजी काही होत नाही. पण मातीतली गारगोटी क्रोमपेक्षाही कडक असते. जॅकच्या तोंडाशी सगळ्यात बाहेर जो वायपर असतो, तो रॉडवरची माती पुसून काढण्यासाठीच दिलेला असतो. तो फाटला आणि खडा आत अडकला की रॉडवर उभा ओरखडा पडतो. पाच-दहा रुपयांची कंजुषी करून वायपर जुनाच ठेवणारे फिटर मी पाहिले आहेत.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे गंज. इथे लोकांना एक गोष्ट माहीत नसते. क्रोम स्वतः गंजत नाही, पण हार्ड क्रोमचा थर अखंड नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांचं जाळं असतं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात तसलंच, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं. थर पुरेसा जाड असेल आणि रॉड नेहमी तेलाने ओला राहत असेल तर या भेगा काही त्रास देत नाहीत, उलट त्यांत थोडं तेल धरून राहतं. पण रॉड महिनोन्महिने उघडा, कोरडा, पावसात राहिला की पाणी भेगांतून खाली लोखंडापर्यंत पोहोचतं. लोखंड आतून गंजतं, फुगतं आणि वरचं क्रोम फोडासारखं उचललं जातं.

त्यातही खताचं पाणी सगळ्यात वाईट. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. क्लोराईड हा क्रोमचा जुना वैरी आहे. ज्या ट्रॉलीतून पोटॅशची पोती वाहिली, एखादं पोतं फुटलं, ती ट्रॉली न धुता पावसात उभी राहिली, तिच्या जॅकचा रॉड बघा. संडास-बाथरूम धुण्याचं अॅसिडही तसलंच. ते हायड्रोक्लोरिक असतं आणि क्रोमला सरळ विरघळवतं. रॉडवरचा डाग काढायला म्हणून ते कुणी वापरू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या तालुक्यातली कित्येक अवजारं पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिनाचं तेल बदललं, बेअरिंग बदलले, पण रॉड पुसून त्याला ग्रीस लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या वर्षी जॅक गळायला लागले.

सायकलचं हँडल आणि जॅकचा रॉड

दोन्ही चकचकीत, दोन्हीला लोक क्रोमच म्हणतात. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सायकलचं हँडल, पाण्याचा नळ, जुन्या गाड्यांचे बंपर यांच्यावरची चकाकी बहुतेक निकेलची असते, आणि त्या निकेलवर क्रोम असतं ते एक मायक्रॉनही नाही, त्याच्या अर्ध्या-पाव. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. हे शोभेचं क्रोम. झिजेशी त्याचा काही संबंध नाही.

जॅकच्या रॉडवरचं क्रोम थेट लोखंडावर चढवलेलं असतं आणि साधारण २० ते ५० मायक्रॉन जाड असतं. झिजलेला भाग भरून काढायचा असेल तर त्याहूनही जाड चढवतात, अगदी पाव मिलिमीटरपर्यंत. हा थर कडक असतो, गुळगुळीत असतो आणि दुसऱ्या धातूला चिकटत नाही. हे तिन्ही गुण एकत्र असल्यामुळे जिथे जिथे धातूवर काहीतरी सतत घासतं तिथे तो वापरतात. डिझेल इंजिनाच्या पिस्टनच्या वरच्या रिंगला बहुतेक वेळा क्रोम असतं, कारण सगळ्यात जास्त ताप आणि कमी तेल तिच्या वाट्याला येतं. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचे पाईप हार्ड क्रोमचे. वेफर्सचं पाकीट ज्या रोळावर छापलं जातं, तो रोळ तांब्याचा, पण त्याच्यावर क्रोम असतं म्हणून लाखो पाकिटं छापून निघतात. प्लॅस्टिकच्या वस्तू ओतायचे साचेही क्रोम करतात, वस्तू चिकटू नये म्हणून.

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. काही इंजिनांच्या लायनरला आतून क्रोम असतं. तसल्या लायनरमध्ये क्रोमची रिंग कधी टाकायची नाही. क्रोमवर क्रोम घासलं की दोन्ही एकमेकांना खातात. इंजिन बांधून घेताना लायनर कसला आणि रिंग कसली हे विचारलेलं चांगलं.

हौदात काय होतं

क्रोम चढवायच्या कारखान्यात गेलात तर पहिल्यांदा दिसतो तो हौद. आत गडद तांबडं, जवळजवळ काळपट पाणी. ते क्रोमिक अॅसिड. एका लिटरला साधारण पाव किलो क्रोमिक अॅसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाने, म्हणजे अडीच ग्रॅम, सल्फ्युरिक अॅसिड. हे शंभरास एक प्रमाण बिघडलं की काम बिघडलं. पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअसला गरम ठेवतात. हौदाच्या बाजूंना शिशाच्या पट्ट्या टांगलेल्या असतात, त्या विजेच्या धन टोकाला. मधे आपला रॉड, तो ऋण टोकाला. वीज सोडली की पाण्यातलं क्रोम रॉडवर येऊन बसतं.

ऐकायला सोपं आहे. पण वीज किती लागते बघा. आपल्या नांगराचा किंवा ट्रॉलीचा ५० मिलिमीटर जाडीचा, ६० सेंटिमीटर लांबीचा रॉड घ्या. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग भरतो साधारण ९४० चौरस सेंटिमीटर. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्याला चाळीसेक अँपिअर वीज धरली तर त्या एका रॉडला पावणेचारशे अँपिअर लागतात. गावातला वेल्डर नेहमीच्या जाडीची कांडी शंभर-सव्वाशे अँपिअरवर चालवतो. म्हणजे तीन वेल्डिंग मशीन एका रॉडवर तासन् तास चालवल्यासारखं झालं, फक्त दाब अगदी कमी, काही व्होल्ट. एवढं करून तासाला वीस-पंचवीस मायक्रॉन क्रोम चढतं. ५० मायक्रॉनला दोन-अडीच तास. आणि त्या सगळ्या रॉडवर मिळून क्रोम बसतं किती? वजनाने पस्तीसेक ग्रॅम. सराफाच्या भाषेत साडेतीन तोळे.

एवढा खर्च होतो कारण शंभर रुपयांच्या विजेतले दहा ते वीस रुपयेच क्रोम बसवायला लागतात. बाकीची वीज पाण्यातून हायड्रोजन वायू काढण्यात जाते. हा हायड्रोजन दोन ठिकाणी घात करतो. त्यातला थोडा लोखंडात शिरतो आणि फार कडक पोलादाला ठिसूळ करतो. म्हणून तसले पार्ट क्रोम झाल्यावर काही तासांच्या आत भट्टीत घालून दोनशे अंशांच्या आसपास तापवून ठेवावे लागतात, की हायड्रोजन निघून जावा. आपल्या साध्या रॉडला ही अडचण सहसा येत नाही. हायड्रोजनची दुसरी करामत जास्त वाईट आहे. त्याचे बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि क्रोमिक अॅसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. ते पुढे येईल.

आणखी एक. विजेला टोकं आणि कडा आवडतात. सपाट भागापेक्षा कडेला क्रोम जास्त चढतं, खोबणीत आणि भोकात जवळजवळ चढतच नाही. त्यामुळे हौदातून निघालेला रॉड कधीच एकसारखा नसतो. तो ग्राइंडिंग मशीनवर घासून मापात आणावा लागतो, मग पॉलिश. हौदातून काढला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला, असं चांगलं काम नसतं.

पापुद्रा का सुटतो

माझ्या स्वतःच्या पलटी नांगराच्या जॅकचा किस्सा सांगण्यासारखा आहे. रॉडला खड्डे पडले होते, एका ठिकाणी क्रोम करायला दिला. दुसऱ्याच दिवशी रॉड परत. तोंड दिसेल असा चकचकीत. गावातल्या चार जणांनी हात फिरवून बघितला. नांगरटीचा हंगामही पुरा झाला नाही तोवर रॉडचा पापुद्रा सुटायला लागला, कांद्याची साल निघावी तसा. फिटरला दाखवला तर तो हसला. म्हणाला, “अण्णा, जुन्या क्रोमवरच नवं मारलंय की ह्यो.”

नंतर दोन-तीन जाणकारांकडून जे कळलं ते असं. क्रोमवर क्रोम नीट धरत नाही. हवेत क्रोमवर एक अगदी पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो आणि तोच नवा थर धरू देत नाही. म्हणून जुनं क्रोम आधी पूर्ण उतरवावं लागतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उलटी वीज सोडून किंवा अॅसिडमध्ये बुडवून ते उतरवतात. मग रॉड वाकला आहे का ते तपासायचं. मग खड्डे जाईपर्यंत रॉड ग्राइंड करायचा. खड्डा तळाशी तसाच राहिला तर क्रोम त्याला बुजवत नाही, खड्ड्याच्या आकारानेच वर येतं. मग तेलाचा अंशही न ठेवता धुवायचा, हौदात टाकल्यावर थोडा वेळ वीज उलटी सोडून लोखंडाचा वरचा थर मोकळा करायचा आणि मगच सुलटी वीज. त्यानंतर जाडी, ग्राइंडिंग, पॉलिश. यातली एक पायरी गाळली तरी दिसायला रॉड तसाच दिसतो. फरक शेतात कळतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, क्रोम करून घेताना चकाकी बघून पैसे देऊ नयेत, माप बघून द्यावेत. रॉड देताना मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी जाडी मोजून कागदावर लिहून घ्यायची. जुनं क्रोम उतरवून ग्राइंड केल्यावर किती राहिली ते विचारायचं. शेवटी किती झाली ते मोजायचं. ग्राइंडनंतरची जाडी आणि शेवटची जाडी यातला फरक अर्धा केला की क्रोमचा थर निघतो, कारण क्रोम दोन्ही अंगांनी चढतं. व्यास एक दशांश मिलिमीटरने वाढला तर थर ५० मायक्रॉनचा. हा हिशेब सांगितला की समोरचा माणूस ओळखतो, गिऱ्हाईक नुसतं चमक बघणारं नाही. बऱ्याच कारखान्यांत थराची जाडी मोजायचं छोटं मीटरही असतं, समोर लावून दाखवायला सांगावं. दर साधारणपणे पृष्ठभाग किती आणि थर किती यावर ठरतो, त्यामुळे कुणी फारच स्वस्तात करून देतो म्हणाला तर थरातच काटछाट होणार हे उघड आहे.

दर वेळी क्रोम करून घेणंच शहाणपणाचं असतं असंही नाही. सरळ, साध्या मापाचा, लहान रॉड असेल तर बाजारात हार्ड क्रोम केलेले रॉड लांबीवर कापून मिळतात. लेथवाल्याकडून टोकाला आटे पाडून घेतले, कान जोडून घेतला की काम होतं, आणि जुना रॉड उतरवा, ग्राइंड करा, चढवा, पुन्हा ग्राइंड करा या खटाटोपापेक्षा ते कधी कधी स्वस्त पडतं. खड्डे पाव मिलिमीटरपेक्षा खोल असतील, रॉड वाकला असेल, तर नवाच बघावा. जुना रॉड पुन्हा करून घेण्यात खरा फायदा होतो तो मोठ्या, जाड, वेगळ्या मापाच्या रॉडमध्ये. तोडणी यंत्राचे, पोकलेनचे, आयात मशीनचे. त्यांचा नवा पार्ट यायला आठवडे लागतात आणि हंगामात मशीन उभं राहिलं की रॉडच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान खोळंब्याचं होतं. नीट केलेलं क्रोम तिथे नव्याच्या तोडीस तोड चालतं.

रॉड जपायला फार काही लागत नाही. अवजार उभं करताना जॅक मिटून ठेवायचा, म्हणजे रॉड तेलात राहतो. मिटता येत नसेल तर उघड्या भागाला ग्रीस. पॉलिश पेपर रॉडवर घासायचा नाही. आणि वेल्डिंग करताना सांभाळायचं, हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे ट्रॉलीचा सांगाडा तुटला की जागेवरच जोडतात. ठिणग्या उडून रॉडवर चिकटतात, त्या टोकदार मण्यांनी सील फाटतं. रॉडवर ओलं पोतं गुंडाळा. अर्थिंगचा चिमटा रॉडला कधीच लावू नका, वीज जॅकमधून गेली की आतल्या घासत्या भागांवर डाग पडतात. रॉडच्याच टोकाला जोड द्यायचा असेल तर तिथलं क्रोम आधी घासून काढायचं आणि उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून काम करायचं. वेल्डिंगच्या आचेने क्रोमचा जो धूर होतो तो साधा धूर नव्हे.

पिवळं पाणी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. रॉडवर बसलेलं क्रोम निरुपद्रवी असतं. त्याला हात लावा, पुसा, काही होत नाही. पण हौदातलं क्रोम वेगळ्या रूपात असतं. रसायनशास्त्रात त्याला सहा संयुजेचं क्रोमियम म्हणतात, इंग्रजी शिकलेले हेक्साव्हॅलंट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. फुप्फुसाचा कर्करोग. त्याच्या कितीतरी आधी दिसतात ती लक्षणं म्हणजे हातावर, बोटांच्या पेरांवर गोल, खोल, न दुखणाऱ्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा, नाकातून वारंवार रक्त, नाकात खपल्या, आणि पुढे नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक. दमाही लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने जे आजार डॉक्टरांनी सरकारला कळवलेच पाहिजेत अशी यादी केली, तिच्यात क्रोमच्या या जखमांचं नाव आहे. म्हणजे ही नवी माहिती नाही.

आपल्या गावांतून औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारी पोरं प्लेटिंगच्या कारखान्यातही लागतात. चांगल्या कारखान्यात हौदाच्या काठाला तुषार ओढून घेणारा पंखा आणि धुराडं असतं, ती हवा पाण्याने धुऊन बाहेर सोडतात. हौदावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवलेले असतात किंवा पाण्यात असं द्रावण असतं की बुडबुडे फुटताना तुषार उडू नयेत. रबरी हातमोजे, बूट, एप्रन, चष्मा. हे नसेल आणि हौदाजवळ उभं राहिल्यावर नाकात झोंबत असेल, घरी आल्यावर रुमालाला पिवळट डाग दिसत असतील, तर घरच्यांनी त्या पोराला विचारावं. नुसतं फडकं तोंडाला बांधून हे थांबत नाही. नाकातून रक्त येतंय म्हणून उष्णता झाली, कांदा फोडा, असं करू नका. डॉक्टरांना कामाचं नाव सांगा, “क्रोमच्या हौदावर असतो” एवढं म्हटलं तरी तपासण्याची दिशा बदलते. कारखान्याने ईएसआयचं कार्ड काढलं असेल तर तो उपचार त्यात होतो.

पाण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक आहे. म्हणजे एक ग्रॅम क्रोमियम वीस हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेतं. हौदातल्या एका लिटर पाण्यात क्रोमियम असतं सुमारे १३० ग्रॅम. वीस फूट व्यासाची विहीर, तीस फूट पाणी, तर तिच्यात अडीच लाख लिटरच्या वर पाणी मावतं. हिशेब केला तर हौदातल्या एका लिटरमधलं क्रोमियम सगळं भूजलात उतरलं तर अशा नऊ-दहा विहिरी मर्यादेला टेकतात. एक बादली ओतली तर किती, ते तुम्हीच बघा. आणि हे क्रोमियम पाण्याबरोबर सहज वाहतं, मातीत लवकर अडकत नाही. तमिळनाडूतल्या राणीपेटला क्रोमेट रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याचा कचरा उघड्यावर पडून राहिला. कारखाना बंद झाला, पण तिथलं भूजल अनेक वर्षं दूषित राहिलं. तो प्लेटिंगचा कारखाना नव्हता, पण क्रोम तेच.

उपाय अवघड नाही, खर्चाचा आहे. रॉड धुतल्यावर जे पिवळं पाणी निघतं ते आधी आम्लयुक्त करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात. पिवळं पाणी हिरवं होतं, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं झालं, जे खूपच कमी विषारी. मग चुना किंवा कॉस्टिक टाकून ते गाळ म्हणून खाली बसवतात. तो हिरवा गाळ धोकादायक कचरा. तो ओढ्यात नाही की रस्त्याच्या भरावात नाही, रांजणगावसारख्या ठिकाणच्या खास केंद्रातच पाठवावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय प्लेटिंग चालवता येत नाही. वसाहतीबाहेर, गावठाणालगत, पत्र्याच्या शेडमध्ये कुणी हौद मांडला असेल तर ग्रामपंचायतीने ते संमतीपत्र मागायला हरकत नाही. नाल्यात पिवळं पाणी दिसलं तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, स्वच्छ बाटलीत नमुना धरून ठेवा आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

बाहेरच्या देशांत यावर निर्बंध आलेत. युरोपीय संघात २०१७ च्या सप्टेंबरपासून खास परवानगीशिवाय क्रोमिक अॅसिड वापरता येत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने शोभेच्या क्रोमला २०२७ पासून आणि हार्ड क्रोमला २०३९ पासून या रसायनाची बंदी ठरवली आहे. विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर आता टंगस्टन कार्बाइडची फवारणी करतात. ते आपल्या नांगराच्या जॅकपर्यंत यायला वेळ लागेल, खर्च जास्त आहे. तोपर्यंत हार्ड क्रोमच चालणार, आणि चालायलाही हवं, कारण एक रॉड वाचला तर तेवढं लोखंड, तेवढं तेल वाचतं.

पण रॉड द्यायला जाल तेव्हा मापाच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, धुतलेलं पाणी कुठे जातं? जो मालक हात धरून मागच्या अंगणातली टाकी दाखवतो त्याचा दर थोडा जास्त असतो. मी आता रॉड तिथेच देतो. दसऱ्याच्या आधी दिला तर आठवड्यात मिळतो. कारखान्यांची धुराडी पेटली की सगळ्यांनाच घाई सुटते आणि नंबर लागायला पंधरा दिवस जातात.